उचलेगिरी

माणूस पडला की आपल्याकडे आधी गर्दी होते आणि मग आरोळी. "उचला, उचला!" पडलेल्याला काय झालंय हे कुणाला ठाऊक नसतं, आणि ठाऊक करून घ्यावं असंही कुणाला वाटत नाही. एक जण उजव्या काखेत हात घालतो, दुसरा डाव्या, तिसरा पाय धरतो आणि चौथा (हा चौथा प्रत्येक गर्दीत असतो) नुसता ओरडतो. "एक, दोन, तीन!" दोघं 'तीन'ला उचलतात, एक 'तीन' म्हणून झाल्यावर उचलतो, आणि मध्ये लोंबकळणारा जीव किंचाळतो. मग त्याला खाटेवर टाकायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि हात झटकत एकमेकांकडे बघायचं. चेहऱ्यावर भाव असा, की गड सर झाला.

मराठीत उचलेगिरी म्हणजे भुरटी चोरी. या प्रकाराला मी तोच शब्द वापरते, आणि विचार करून वापरते. पडलेल्या माणसाच्या अंगात जे काही शाबूत उरलेलं असतं, ते हे चार जण मिळून लांबवतात. कुणाचा खांदा, कुणाचं मांडीचं हाड, कुणाच्या पाठीचा मणका. वर त्याच्याकडूनच आभार घेतात.

मी ३२ वर्षं परिचारिका होते. त्यातली निम्म्याहून अधिक रात्रपाळीत गेली, आणि माणसं रात्रीच पडतात. झोपेची गोळी, लघवीची गोळी, ओली फरशी, दूरचा संडास आणि "सिस्टरला कशाला त्रास द्या" हा जुन्या माणसांचा संकोच, एवढं एकत्र आलं की पहाटे तीनच्या सुमाराला धप्प असा आवाज येतो. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. एका रुग्णालयात असेच एक आजोबा संडासाच्या दारात पडले. मी पोचले तेव्हा त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पार कललेलं होतं. खुब्याचं हाड मोडल्याची ही खूण नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही ओळखते. मी "थांबा" म्हणेपर्यंत दोन मामांनी त्यांना काखेत धरून उभं केलं होतं. उभं! मोडक्या खुब्यावर! आजोबांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याचं वर्णन मी करणार नाही. दुसऱ्या दिवशी चौकशी झाली तेव्हा ठरलं की हाड पडतानाच मोडलं असणार. असेलही. उचलताना ते किती सरकलं हे कोण सांगणार? कुणीच नाही. याच धुक्याच्या आड ही उचलेगिरी पिढ्यान्पिढ्या सुखरूप आहे.

मामांना मी दोष देत नाही. त्यांना आयुष्यात कुणी काही शिकवलेलं नसतं. आपल्या रुग्णालयांत वॉर्डबॉयला मामा म्हणतात, आयाबाईला मावशी. नातं लावायला पैसे पडत नाहीत. शिकवायला पडतात, यंत्राला पडतात.

पडलेल्या माणसाशी पहिली पाच मिनिटं काय करायचं? हात खाली ठेवायचे. आपले. त्याच्याजवळ जमिनीवर बसायचं आणि बोलायचं. नाव विचारायचं, कुठे दुखतंय विचारायचं, डोकं आपटलं का, मान दुखते का, हातापायाची बोटं हलतात का, मुंग्या येतात का. पायांची लांबी बघायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे तर हटकून विचारायचं. कारण अशा माणसाच्या डोक्यात रक्तस्राव झाला तर तो लगेच कळेलच असं नाही, दोन तासांनी कळतो, कधी दोन दिवसांनी. ब्रिटनमध्ये 'नाइस' नावाची संस्था उपचारांचे दंडक ठरवते. तिनं २०१५ साली स्वच्छ लिहून ठेवलं, की रुग्णालयात वृद्ध माणूस पडला तर त्याला हलवण्याआधी हाड मोडल्याची आणि मणक्याला इजा झाल्याची लक्षणं तपासा. 'हलवण्याआधी' हा शब्द आपल्याकडे कुणी वाचायलाच तयार नाही. आपला क्रम ठरलेला: आधी उचला, मग हळद लावा, मग दुखायला लागलं की एक्स-रे काढा.

खुबा किंवा मणका मोडल्याचा संशय असेल तर मी पुढे ज्या यंत्राची बाजू घेणार आहे तेही वापरायचं नाही. झोळीत घातलं की माणूस कंबरेत दुमडतो. मोडक्या हाडाला दुमडणं म्हणजे काय, ते मी त्या रात्री ऐकलं आहे. तिथे स्कूप स्ट्रेचर लागतं. त्याचे उभे दोन भाग सुटे होतात आणि माणसाच्या दोन्ही बाजूंनी अलगद खाली सरकवून जोडता येतात. घरी असाल तर १०८ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून फिरते आहे. ती येईपर्यंत उशी द्या, अंगावर पांघरूण घाला, जवळ बसा. मात्र "हलवू नका" याचा अर्थ "सकाळपर्यंत राहू द्या" असाही कुणी घेऊ नये. म्हातारं माणूस तासन्‌तास गार फरशीवर पडून राहिलं तर स्नायू दबून फुटायला लागतात, त्यांतला कचरा मूत्रपिंडांत जाऊन बसतो, कातडीला जखमा होतात. घाई जशी मारते तसा आळसही मारतो.

आता समजा, तपासलं. काही मोडलेलं नाही, पेशंट शुद्धीवर आहे, पण त्याला स्वतःच्या बळावर उठता येत नाही. आता तरी "एक, दोन, तीन"?

नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेतल्या थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली हिशेब मांडला. परिचारिकेनं हातांनी पेशंटचं किती वजन उचलावं? ३५ पौंड, म्हणजे जेमतेम १६ किलो. तेही पेशंट सहकार्य करणारा असेल, भार अंगाजवळ धरता येत असेल, कंबर पिळावी लागत नसेल तर. जमिनीलगत वाकून उचलायचं असेल तर याहूनही कमी. आता ७० किलोच्या माणसाचा नुसता एक पाय ११ किलोच्या आसपास भरतो. उरलेल्या माणसाचं काय करता? माणसाला पोत्यासारखे कान नसतात धरायला. त्याचा गुरुत्वमध्य त्याच्याबरोबर हलतो. घाबरला की तो तुमच्या गळ्याला मिठी मारतो. मग तुमच्या मानेच्या मणक्यावर काय येतं, हे माझ्या एक्स-रेमध्ये दिसतं.

पोत्याची गोष्ट निघालीच आहे तर सांगते. १९४८च्या कारखाना कायद्यात ३४वं कलम होतं. इजा होईल इतकं जड ओझं कारखान्यात कुणालाही उचलायला लावता येत नसे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली प्रौढ पुरुष कामगारासाठी ५५ किलोची शिफारस केली. महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा १९६९चा. क्विंटलभराचं पोतं ५० किलोवर यावं म्हणून हमाल वर्षानुवर्षं लढले. त्यांनी ठामपणे सांगितलं, की पाठ ही माणसाची आहे, भिंत नव्हे. आणि रुग्णालयात? तिथे ४५ किलोची मावशी आणि ५० किलोची सिस्टर मिळून ८० किलोचा पेशंट उचलतात, रात्रीतून सहा वेळा, आणि त्याला 'सेवा' असं नाव आहे. शब्द किती सोवळा! सेवेच्या पाठीला मणका नसतो, सेवेला रजा लागत नाही, सेवेला नुकसानभरपाई मागता येत नाही. मार्केट यार्डातल्या हमालाला जे मिळालं ते आम्हाला अजून मिळालेलं नाही, कारण हमालानं आपल्या कामाला ओझं म्हटलं आणि आम्ही त्याला पुण्य म्हणू दिलं.

माझ्याबरोबरच्या एका सिस्टरची कंबर चाळिशीतच गेली. तिला बक्षीस काय मिळालं? बाह्यरुग्ण विभागात खुर्ची आणि "हिला काम नको असतं" हा शेरा.

म्हणून यंत्र. होयर लिफ्ट म्हणतात तिला. होयर हे मूळ एका अमेरिकन माणसाचं आडनाव, आता यंत्राचंच होऊन बसलं आहे. रचना सोपी आहे: चाकांवरचे दोन लांब पाय, एक उभा खांब, वर पुढे आलेला हात, त्या हाताच्या टोकाला आडवा दांडा आणि दांड्याला लटकणारी झोळी. पाण्याच्या हापशासारखा दांडा मारला की हायड्रॉलिक पंपानं हात वर जातो. महागातल्या यंत्राला बॅटरी आणि बटण. यात न समजण्यासारखं काय आहे? पण मी एका रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे पहिल्यांदा मागणी केली तेव्हा साहेब म्हणाले, "सिस्टर, आपल्याकडे दोन लिफ्ट आहेत ना? एक स्ट्रेचरची, एक व्हिजिटरची." मी समजावून सांगितलं. साहेबांनी ऐकलं आणि विचारलं, "मग मामा कशाला ठेवलेत?"

पुढे मानांकनाची तपासणी आली आणि यंत्र एका आठवड्यात आलं. मला ते आठ वर्षं जमलं नव्हतं. नारळ फुटला, हार घातला, फोटो निघाला. फोटोत सगळे होते. यंत्र वापरणारं कुणी नव्हतं. आणि मग? मग ते कोपऱ्यात गेलं. त्याच्यावर चादर आली. चादरीवर धूळ आली. महिन्याभरात कुणीतरी त्याच्या हाताला सलाईनची बाटली अडकवली आणि त्याला पहिल्यांदा काम मिळालं. बॅटरी कधी चार्ज झाली नाही, कारण चार्जर स्टोअरमध्ये कुलपात होता आणि स्टोअरची किल्ली दिवसपाळीकडे. माणसं पडतात रात्री. हे मी लिहूनही दिलं. त्यावर उत्तर आलं, की यंत्र मौल्यवान आहे, गैरवापर होऊ नये. ज्या यंत्राचा वापरच होत नाही त्याचा गैरवापर कसा होणार, हा प्रश्न मी पुढच्या कागदात विचारला. तो कागद अजून फिरत असेल.

इमारतीतल्या लिफ्टसाठी आपल्याकडे १९३९चा मुंबई लिफ्ट कायदा होता, आता २०१७चा महाराष्ट्राचा आहे. परवाना लागतो, सरकारी निरीक्षक येतो. चार भिंतींच्या पेटीत उभ्या माणसाची एवढी काळजी! आणि कापडाच्या चार पट्ट्यांवर अधांतरी लोंबणाऱ्या आजारी माणसाची? ३२ वर्षांत झोळीची शिवण बघायला आलेला निरीक्षक मी पाहिला नाही. ब्रिटनमध्ये १९९८च्या नियमांप्रमाणे माणसं उचलणारं प्रत्येक यंत्र, झोळीसकट, साधारण दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून कसून तपासून घ्यावं लागतं. तिथली झोळी काय वेगळ्या सुताची असते?

इथवर जे माना डोलवत वाचत होते, त्यांच्यातल्या काहींकडे आता वळते. यंत्र आहे आणि वापरतात, पण कसं वापरतात? लग्नाच्या मांडवाला झुंबर टांगावं तसं. यांचं अज्ञान मला पहिल्या टोळीपेक्षा जास्त सलतं. त्यांच्या हातात साधन नव्हतं. यांच्या हातात आहे आणि यांना पाच मिनिटं जास्त द्यायची नाहीत.

पहिली चूक माणसं मोजण्यात. विकणारा सांगतो, "एकटी बाई करते, मॅडम." तो यंत्र विकतो, पेशंट उचलत नाही. जमिनीवरून उचलताना निदान दोघं हवीतच: एक यंत्रापाशी, एक पेशंटच्या डोक्यापाशी. डोक्यापाशी असणाऱ्याचं काम एकच, पेशंटकडे बघणं, त्याच्याशी बोलणं आणि तो लोखंडी आडवा दांडा हातात धरून ठेवणं. माणूस जमिनीवर असतो तेव्हा दांडा पार त्याच्या तोंडाशी येतो. सोडला की झुलतो आणि नाकावर बसतो. पडून वाचलेल्या माणसाचा दात मदतीला आलेल्या यंत्रानं पाडलेला मी पाहिला आहे.

दुसरी चूक झोळीची. झोळ्या एका मापाच्या नसतात आणि एका कामाच्या नसतात. संडासासाठी वापरतात ती झोळी मधून बरीच मोकळी असते. ज्याला स्वतःचं धड सावरता येतं त्याच्यासाठीच ती. पडून गळाठलेल्या माणसाला तिच्यात घातलं तर तो खालून निसटतो. त्याला पूर्ण अंगाची, डोक्याला आधार देणारी झोळी हवी. मोठी घेतली तर माणूस फटीतून घसरतो, लहान घेतली तर मांडीला काचते. वजनाची मर्यादा झोळीवर लिहिलेली असते आणि यंत्रावरही. दोन्हींतली जी कमी ती खरी. धुऊन धुऊन लेबल वाचता येईनासं झालं असेल, शिवण उसवली असेल, पट्टा झिजला असेल तर ती झोळी टाकून द्यायची. कापून टाकायची, म्हणजे कुणी काटकसरी माणूस ती पुन्हा कपाटात ठेवणार नाही. ब्लीचमध्ये घालून धुणाऱ्यांना तर मी हात जोडते. डाग जातो, त्याबरोबर धाग्याचं बळही जातं.

झोळी अंगाखाली घालायची कशी? माणसाला उचलून नव्हे! गुडघा वाकवायचा, खांद्याला आणि कुल्ल्याला हात लावून अख्खा माणूस एका अंगावर वळवायचा, अर्धी गुंडाळलेली झोळी पाठीशी लावायची, मग दुसऱ्या अंगावर वळवून उरलेली उलगडायची. आपल्या आया तान्ह्या बाळाखालचं दुपटं असंच बदलतात. पायाच्या पट्ट्या मांड्यांखालून घेऊन एकमेकींतून आरपार काढायच्या, म्हणजे मांड्या फाकत नाहीत आणि माणूस निसटत नाही. लाज राखली जाते ती वेगळीच. ज्या बाईनं आयुष्यभर पदर ढळू दिला नाही तिला चार पुरुषांसमोर पाय फाकवून टांगणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना सुरक्षिततेचं प्रमाणपत्रही मिळालेलं होतं.

मग यंत्र आणायचं. वरचा हात पार खाली येतो का, हे आधीच, विकत घेतानाच बघितलेलं हवं; काही यंत्रं पलंगावरून उचलतात, जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, आणि हे कळतं ते माणूस जमिनीवर असताना. यंत्राचे पाय पूर्ण फाकवायचे. पूर्ण! अरुंद पायांवर उभं राहिलेलं यंत्र भार आला की कलंडतं. बाजूनं आणत असाल तर पेशंटचे गुडघे वर घेऊन यंत्राचा एक पाय त्यांच्याखालून न्यायचा आणि डोक्याखाली उशी ठेवायची. पट्ट्यांना निरनिराळ्या रंगांची कडी असतात, ती शोभेला नसतात. डाव्या खांद्याला जो रंग तोच उजव्या खांद्याला, डाव्या पायाला जो तोच उजव्याला. खांद्याची कडी आखूड घेतली की माणूस बसता होतो, लांब घेतली की रेलतो. डावीकडे निळं आणि उजवीकडे हिरवं अडकवलं तर माणूस तिरपा होऊन बाहेर ओतला जातो. हात छातीशी, झोळीच्या आत.

आता ब्रेक. इथे प्रत्येक वेळी भांडण होतं. अक्कल पाजळणारा एक जण "ब्रेक लावा, ब्रेक लावा" म्हणून यंत्राची चाकं जाम करतो. त्याला वाटतं, चाकं बांधली की सुरक्षित. उचलताना यंत्राची चाकं सहसा मोकळीच ठेवायची असतात! भार वर येऊ लागला की यंत्र स्वतः थोडं सरकून पेशंटच्या बरोबर वर येतं. चाकं जाम केली तर यंत्र सरकत नाही, मग पेशंट सरकतो, झुलतो, आणि तोल जातो. ब्रेक लावायचे ते ज्या खुर्चीत किंवा पलंगावर माणसाला ठेवायचं आहे तिच्या चाकांना. ही मंडळी नेमकं उलटं करतात. यंत्र जखडतात आणि चाकाची खुर्ची मोकळी सोडतात. पेशंट टेकायला आणि खुर्ची मागे पळायला एक गाठ पडते. मग दुसऱ्यांदा पडतो तो. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचा, सगळी यंत्रं एकसारखी नसतात. पण पुस्तिका कुठे आहे? चार्जरबरोबर, कुलपात.

पट्टे ताणले गेले की थांबायचं. माणूस जमिनीवरून बोटभर उचलला गेला असेल नसेल. या क्षणी चारही कडी बघायची, हात लावून बघायची, पेशंटला विचारायचं. मग पुढे. उंची लागेल तेवढीच. टांगलेल्या माणसाला घेऊन व्हरांडाभर वरात काढायची नाही. खुर्ची त्याच्याकडे आणायची. उतरवताना हायड्रॉलिकची कळ इवलीइवली सोडायची, एकदम सोडली की माणूस आपटतो. आणि पेशंट घाबरून झटापट करत असेल तर मुळात उचलायचंच नाही, आधी शांत होऊ द्यायचं. एवढं सगळं करायला दहा मिनिटं लागतात. "एक, दोन, तीन"ला तीन सेकंद. या जवळजवळ दहा मिनिटांची बचत करून ही मंडळी काय करतात, हे मला आजवर कळलेलं नाही. बहुतेक वेळा चहा पितात.

निवृत्तीनंतर हा सगळा खटला माझ्याच घरात उभा राहिला. सासूबाई ८६ वर्षांच्या, अर्धांगवायूनं डावी बाजू गेलेली. अशा माणसाचा लुळा हात धरून ओढला तर खांदा निखळतो, हे मी घरातल्या प्रत्येकाला सांगितलं आणि तरी प्रत्येकानं एकदा तरी तोच हात धरला. ब्यूरोतून येणारी मुलगी बारा तास एकटी. तिच्या कंबरेचं काय? "तिला त्याचेच पैसे देतो ना," असं म्हणणारे सुशिक्षित लोक माझ्या नात्यात आहेत. मी होयर लिफ्ट भाड्यानं आणली, आणि घर नावाच्या वस्तूनं तिला दारातच अडवलं. आपले पलंग! बॉक्सचे, पोटात गाद्या-रजयांचं कोठार भरलेले, जमिनीला चिकटलेले. यंत्राचे पाय पलंगाखाली गेल्याशिवाय माणूस पलंगावर पोचतच नाही, आणि बॉक्सखाली झुरळ जाईल तेवढीच फट. पलंग काढला, चार पायांची लोखंडी खाट आणली. न्हाणीचा उंबरठा चाकं अडवत होता, तो फोडला. गालिचा गुंडाळला. तीन दिवस कामं चालली, आणि तीन दिवस नातेवाईक येऊन बघून गेले.

सगळ्यात मोठा घाव माझ्या धाकट्या दिरांनी घातला. "वहिनी, आईला क्रेनला टांगणार तुम्ही? आम्ही मुलं मेलो का?" खोलीत एकदम मातृभक्तीचा वास सुटला. भावजी महिन्यातून एका रविवारी येतात. उरलेल्या दिवसांत त्यांची आई पडली तर उचलायला त्यांची भक्ती कल्याणहून लोकलनं येणार, असा त्यांचा हिशेब होता का? ते म्हणाले, आईला मुलाच्या हातांची ऊब हवी. मी म्हटलं, मागच्या वेळी तुमच्या हातांच्या उबेनं दंडावर जे निळे वळ उठले ते पंधरा दिवस राहिले. आपल्याला हातांनी उचलणं म्हणजे माया वाटते आणि यंत्र म्हणजे परकेपणा. ही समजूत ज्यानं उचललं जाणं कधी अनुभवलेलं नाही त्याचीच असू शकते. काखेत बोटं रुतवून, श्वास रोखून, "जड झालीस ग आई" असं हसत म्हणून उचलण्यात कसली आलीय माया? म्हातारपणी आपण जड आहोत, हे रोज कुणाच्या तरी धापेतून ऐकणं काय असतं, ते सासूबाईंना विचारा. त्या पाणी कमी पीत होत्या, संडासाला कमी जावं लागावं म्हणून. मूत्रमार्गाचा संसर्ग त्यातूनच झाला होता. यंत्र आल्यावर त्यांनी आपणहून दुसरा कप चहा मागितला.

भावजींशी मी वाद घालत बसले नाही. रुग्णालयात मी एक नियम ठेवला होता: यंत्र चालवायचं असेल त्यानं आधी स्वतः झोळीत बसायचं. कुणालाही सूट नाही. भावजींना म्हटलं, झोपा जमिनीवर. ते हसत झोपले. वजन ९० किलोच्या घरात. यंत्रावर १५० लिहिलेलं, झोळीवरही. ब्यूरोची मुलगी डोक्याशी बसली आणि तिनं दांडा धरला. मी झोळी सरकवली, पट्ट्या आरपार काढल्या, रंग जुळवले, यंत्राचे पाय फाकवले, चाकं मोकळी ठेवली. पट्टे ताणले. थांबले. चारही कडी बघितली. मग पंप मारला आणि भावजींची पाठ फरशीवरून सुटली.

हसू थांबलं. एक हात झोळीबाहेर आला आणि लोखंडी दांड्याला घट्ट चिकटला.

"वहिनी, धरलंय ना कुणी? हे हलतंय का? काहीतरी बोला ना."

मी बोलणार एवढ्यात खाटेवरून सासूबाईंचा आवाज आला. अर्धांगवायूनंतर त्यांचे शब्द जडच येतात, पण हे स्वच्छ आले.

"हात आत घे रे, बाळू. घाबरू नकोस. ती बघतेय."